एकडोळ्याचा पहारा

२० जानेवारी, सोमवार

एकडोळ्या, तुझी तब्येत कशी आहे? काल रात्रीपर्यंत तुझ्या डोक्यावरची पट्टी पूर्ण हिरवी होती, आजही तशीच असेल असं धरून चालते. शेतात राबणाऱ्या सहाजणी बऱ्या आहेत ना? तो एक लाकूडतोड्या झाडाला अडकून जागच्या जागी चालत होता, तो सुटला का? बुरुजावरचे तिरंदाज बरे आहेत? देवळासमोर प्रार्थनेला उभ्या केलेल्या तिघींचे पाय भरून आले असतील, पण त्यांना बसायला सांगायचं बटण मला अजून सापडलेलं नाही. मेंढ्या सात होत्या, सातच असाव्यात.

इकडे सगळं ठीक. आमचे हे बरे आहेत, फक्त वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची सवय गेलेली नाही. सूनबाईची पाठ अधूनमधून धरते. मुलगा बोटीवर असतो आणि त्याचं सगळं नेहमी ठीकच असतं, असं तोच सांगतो. माझं म्हणशील तर उत्तम. एकाहत्तराव्या वर्षी रोज सहा तास घड्याळं दुरुस्त करते, केसाएवढ्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पीळ बिनचूक बसवते.

रोजनिशी कशी लिहितात ते मला माहीत नाही. आयुष्यभर पत्रं लिहिली, म्हणून पत्रासारखी सुरुवात झाली. लिहायला नातीने सांगितलं. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणी ती दिवसभर कुठून तरी कुठे तरी काहीतरी वाहून नेत असे. मुंगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, वसतिगृहात राहते. जाताना तिचा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला तिचा आवडता खेळ माझ्या गळ्यात बांधून गेली. "आजी, दर रविवारी संध्याकाळी आपण दोघी एकमेकींशी लढायचं. काय शिकलीस ते लिहून ठेव, म्हणजे तेच तेच विचारणार नाहीस."

म्हणून दुरुस्तीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं काढली.

२२ जानेवारी, बुधवार

हा खेळ काय आहे ते एकदा लिहून टाकते. दोघींना एकेक गाव मिळतं. शेत लावायचं, लाकूड तोडायचं, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं आणि दुसरीचं गाव पाडायचं. बुद्धिबळात आपण विचार करतो तोवर समोरचा हात बांधून बसतो. इथे तसं नाही. तुम्ही विचार करा नाहीतर नाक पुसा, वेळ चालूच. घड्याळांत जन्म गेलेल्या बाईला हे पटतं.

साधे सैनिक धान्यावर मिळतात. पुराणातली मंडळी मात्र देवळासमोर बायकांनी पुरेशी प्रार्थना केल्याशिवाय येत नाहीत. पंख असलेला घोडा, सात तोंडांचा साप, आगीत न जळणारा पक्षी, असे बरेच आहेत. मुंगीला साप आवडतो. मला पहिल्या दिवसापासून आवडला तो राक्षस. माडाएवढा उंच, अंगाने कोठार, कपाळाच्या मधोमध एकच डोळा. दगड उचलून फेकतो. डोक्यावर जिवाची पट्टी असते, हिरवी म्हणजे धडधाकट, लाल झाली की संपत आला. त्याच्यावर टिचकी मारली की घुरघुरतो आणि पुढच्या हुकुमाची वाट बघत उभा राहतो. घरातली दुसरी कोणतीच व्यक्ती असं करत नाही.

आपुलकीचं खरं कारण वेगळं. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं मीही जग एकाच डोळ्याने पाहत आले. माझ्या धंद्यातला वाटला.

२६ जानेवारी, रविवार

पहिली लढाई. हरले, पण अब्रूने हरले.

मुंगी फोनवर बोलता बोलता खेळत होती. तिचे घोडेस्वार आधी उजवीकडून आले, मग वरून, मग डावीकडून. तिन्हीकडे मी धावले. मध्येच ती म्हणाली, "आजी, राक्षसाला पाठव ना. तो काय दाराशी नुसता उभा?"

"आत्ताच तर आलाय. टेकू दे त्याला जरा."

"आजी, तो लढायला असतो."

"लढायला तिरंदाज आहेत. एवढ्या प्रार्थनेने आलेल्या माणसाला लगेच कामाला जुंपायचं, ही कुठली रीत?"

ती खूप हसली. तिचं हसणं फोनवर ऐकलं की घरात कुणीतरी खिडक्या उघडल्यासारखं वाटतं. साडेआठला माझं शेवटचं घर पडलं. राक्षस दाराशी उभा होता, पट्टी हिरवी.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी दुकानात बसले असताना डोळ्यांपुढे उजेडाची नागमोडी रेघ आली आणि डोकं एका बाजूने जड झालं. जुन्या चावीच्या घड्याळाचा पिंजरा, म्हणजे चाकांचा सांगाडा, उघडा होता, तो तसाच झाकून पाणी प्यायले आणि आतल्या बाकावर अर्धा तास पडले. उठले तर बरी होते. कुणाला सांगितलं नाही, नाहीतर हे वर्तमानपत्रातले उपाय मोठ्याने वाचत बसतात. पिंजरा बसवला, घड्याळ चालू झालं. तासाला सेकंदाचाही फरक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मुंगीने एक नवीन खोडी काढली. तिचं सगळं सैन्य डावीकडून येतं. ते येतं तेही मी सांगू शकत नाही, ते असतंच एकदम. एक क्षण शेतं शांत, दुसऱ्या क्षणी चार जळालेली.

"अशी अचानक कशी आलीस गं?"

"अचानक कुठे? दोन मिनिटं झाली चालत येतेय. ढोल वाजवायचा राहिला फक्त."

पंचवीस मिनिटांत हरले. मेंढ्याही गेल्या. शेवटी मोजल्या तर चारच दिसल्या. मुंगी म्हणते सातही जिवंत होत्या. हरल्यावर मन राखायला माणूस काहीही बोलतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

या वहीचा समास फार रुंद आहे. पूर्वी लक्षात आलं नव्हतं. आमचे हे पान बघून म्हणाले, "निम्म्या पानावरून का लिहितेस? कागद स्वस्त झालाय का?" मी म्हटलं, वहीलाच विचारा.

सूनबाई हल्ली स्टूल जागेवर ठेवत नाही. स्वयंपाकघराच्या दारात, डाव्या अंगाला, बरोबर माझ्या नडगीच्या उंचीवर. आज तिसऱ्यांदा लागलं. मी स्टूल फक्त जरा आवाज करून सरकवलं. ती म्हणाली, "आई, ते कायम इथेच असतं." असेल. मी घरात नवीन आहे ना.

आणि हे. सगळ्या जन्मात पावलं आपटत चालले, आता मांजरासारखे येतात. चहा पिताना मी एकटी आहे असं समजून जरा गुणगुणत होते, तर शेजारच्या खुर्चीतून आवाज, "दुसरं कडवं विसरलीस." कपातला चहा सांडला.

९ फेब्रुवारी, रविवार

डावीकडूनच. पुन्हा.

पण आज मी तयारीत होते. एकडोळ्याला गावाच्या डाव्या टोकाला नेऊन उभा केला. म्हटलं, "बाबा रे, हे अंग तुझं. इकडचं मी बघत नाही, तू बघ." घुरघुरला. डोळ्यात तेल घालायचं तर त्याला डोळा एकच, म्हणजे कामही निम्मं.

आणि खरंच दहा मिनिटं निभावलं. त्याने दगड फेकले, आरडाओरडा झाला, मला तिकडे बघावंच लागलं नाही. मी उजवीकडे निवांत शेती केली. मुंगी म्हणाली, "आजी, तू हल्ली अर्ध्याच नकाशावर खेळतेस."

"उरलेल्या अर्ध्यावर माणूस ठेवलाय."

त्यावर ती हसली नाही. अभ्यासाचा ताण असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शाळेच्या शिपायाने भिंतीवरचं मोठं घड्याळ आणलं होतं. आतली झीज काढली, तेल दिलं, काच पुसून त्याच्या हातात दिलं. तासाभराने तो परत. "बाई, काच अर्धीच पुसलीय. सातपासून अकरापर्यंत तशीच धूळ आहे." बघते तर खरंच. पुसून दिली.

माझ्या हातून चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. फडकं खराब असावं.

नजरेवर कुणी बोट ठेवू नये म्हणून संध्याकाळी मुद्दाम बायकांच्या मनगटी घड्याळातला सगळ्यांत बारीक स्क्रू भिंगाखाली घेतला. मुंगीच्या डोळ्याएवढा, म्हणजे खऱ्या मुंगीच्या. पहिल्या फटक्यात बसला. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाईशी जरा बिनसलं. गेले काही दिवस ती मला ताटात कमी वाढते. मी मागून घेते, तर तोंड पाडते. आज म्हणाली, "आई, आवडत नसेल तर सरळ सांगा. रोज भाजी तशीच टाकता, मग पुन्हा मागता."

"मी टाकते? ताटात भाजी होतीच कुठे?"

तिने ताट उचलून नेलं आणि भांडी जोरात घासली. ह्यांनी पहिल्यांदाच वर्तमानपत्र मनात वाचलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकडोळ्या गेला. कसं ते लिहायचं धैर्य आधी नव्हतं. ह्यांनी दूध प्यायला लावलं, आता लिहिते.

तो आपल्या जागेवर होता, डावीकडे. मी शेतावर. मुंगी फोनवर म्हणाली, "आजी, डावीकडे बघ."

"बघतेय."

"आजी, तुझा राक्षस मार खातोय."

"घुरघुरतोय तो. रुसला असेल."

"रुसला नाहीये. मरतोय. आजी, तुला दिसत नाहीये का?"

"मला केसाएवढी कमान दिसते आणि माडाएवढा राक्षस दिसणार नाही होय?"

मग घुरघुर थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात सैन्याची यादी असते, त्यात त्याचं चित्र नव्हतं. खेळात मेलेलं कुणीही थोडा वेळ पडून राहतं आणि जमिनीत विरतं. मला तर तेवढंही दिसलं नाही. शोधायला बाण फिरवला तोवर तिथे गवत होतं.

मग मी जे बोलले ते असं. "तू लबाडी करतेस. तुझ्या यंत्रात काहीतरी बदल केलायस. माणूस कितीही घाईत असला तरी एवढं सैन्य न दिसता येत नाही. लहानपणी पत्त्यांतही तू अशीच होतीस."

ती म्हणाली, "पत्त्यांत तू लबाडी करायचीस, आजी. मी हरायचे." आणि फोन ठेवला.

मी काही चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. तिने मोठेपणी खरं बोलायला शिकायला हवं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाही. मीही केला नाही. मोठं कोण आहे?

देवळासमोर पुन्हा तीन बायका उभ्या केल्या. नवा राक्षस आला. दिसायला अगदी तसाच, घुरघुरतोही तसाच. पण त्याला मी अजून ओळखत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रस्ता ओलांडताना सायकलवाला अंगावर ओरडला. डाव्या बाजूने आला होता. हल्ली कुणी घंटी वाजवत नाही.

फोन नाही. ह्यांच्याकडे तिचा फोन आला होता असं सूनबाईकडून कळलं. मग माझ्याकडे का नाही? मी विचारलं तर हे म्हणाले, "तुझ्याबद्दलच बोलत होतो." वर्तमानपत्र वर धरलं.

रात्री सगळं मनात उलगडून बघितलं. घड्याळ बंद पडलं की मी आधी गिऱ्हाइकाला दोष देत नाही, चाकं बघते. पोरीच्या बाबतीत मी उलटं केलं का? पण चाकं बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं, ते सुचलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचं नीट लिहायला हवं.

अकराच्या सुमारास दुकानात होते. समोर चावीचं घड्याळ, डोळ्याला भिंग. कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज आला. मान वळवली तर मुंगी. पाठीवर पिशवी, डोळे भरलेले.

"केव्हा आलीस गं?"

"पाच मिनिटं झाली. तुझ्या शेजारी उभी आहे, आजी. इथे. हात लागेल एवढ्या अंतरावर."

पावलं न वाजवता येण्याची विद्या हिने आजोबांकडून उचललेली दिसते. तसं मी म्हणाले. तर हसायचं सोडून ती माझ्या गळ्यात पडली. मी भिंग सांभाळलं.

वर घरी गेल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. हा खेळ म्हणे प्रत्येक लढाईची स्वतःहून नोंद ठेवतो. कोण कुठे चाललं, कुणी कुणाला मारलं, इतकंच नाही, तर माझा बाण पडद्यावर कुठे कुठे फिरला तेही. तिने आधी २६ जानेवारीची लढाई लावली. माझा बाण चौफेर धावत होता, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. झुरळाच्या मागे धावणाऱ्या माणसासारखा.

"आता २ फेब्रुवारी बघ."

बाण उजव्या अर्ध्यातच. येरझाऱ्या घालतोय, शेत नांगरतोय, पण मधली रेघ ओलांडत नाही. जणू तिथे भिंत आहे.

"हे कुंपण तू घातलंस," मी म्हटलं.

"मी नाही. ९ तारीख बघ. १६ तारीख बघ." सगळीकडे तेच, राक्षसाला उभा करायला एकदा डावीकडे गेला तेवढाच. १६ तारखेच्या लढाईत एकडोळ्या डाव्या टोकाला उभा होता आणि सहाजण त्याला भाल्याने टोचत होते. त्याने सगळे दगड फेकले. मग मागे वळून गावाकडे बघत राहिला. साडेतीन मिनिटं. माझा बाण तेवढा वेळ मेंढ्यांपाशी होता.

"मला वाटलं तू मुद्दाम करतेस," मुंगी म्हणाली. "मग आजोबांना विचारलं, आजी घरात कशी वागते. ते म्हणाले, टेबलाशी मी डावीकडे बसलो की ती मला बघतच नाही. मला वाटायचं रागावलीय. आईने ताटाचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं."

सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, "ताटाचा उजवा अर्धा लख्ख असतो, आई. डावा हात न लावलेला. मी डावखुरी, भाजी डावीकडेच वाढते. मला वाटलं, ती तुम्हाला आवडत नाही." 

मी म्हटलं, "माझे डोळे उत्तम आहेत."

"असू दे ना," मुंगी म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांना तेवढंच सांगून येऊ."

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि समजूतदार. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यांत बारीक ओळही वाचली. मी मुंगीकडे बघितलं. मग बाई म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघत राहा. आता सांगा, किती बोटं?"

"कुठली बोटं?"

त्यांनी हात हळूहळू पुढे आणला. एकदम तीन बोटं हवेतून आली. अगदी मुंगीच्या घोडेस्वारांसारखी.

मुंगीने पिशवीतून कॉम्प्युटर काढला आणि त्यांना लढाई दाखवली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "पेशंट कागद घेऊन येतात, गोळ्यांची पाकिटं घेऊन येतात. सबंध युद्ध घेऊन पहिल्यांदाच कुणी आलं." मग विचारलं, "हे केव्हापासून?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"आजी, तू लिहितेस ना रोज?"

वही पिशवीत होती. मी म्हटलं, "बघायची फक्त. वाचायची नाही." बाईंनी न वाचता नुसती पानं उलटली. २० जानेवारीच्या ओळी पानाच्या कडेपासून सुरू होतात. २६ च्याही. ५ फेब्रुवारीच्या पानाच्या मध्यापासून. एवढे दिवस मी वहीला नावं ठेवत होते. मधल्या ३० तारखेला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं, आणि मी स्वतः वाचून दाखवलं. उजेडाची रेघ, जड डोकं, पाणी प्यायले, अर्धा तास पडले.

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"घड्याळ चालू झालं होतं," मी म्हटलं. ते उत्तर मलाही पटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या यंत्रात डोकं घालून झालं. आतून ठोके येतात, बेताल. असं घड्याळ माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. डोळे दोन्ही शाबूत. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं पोचतं, तिथे त्या दिवशी रक्ताची बारीक गुठळी अडकली. डावीकडचं जे येतं ते घेणारं तिथे कुणी उरलं नाही. मधलं शाबूत आहे, म्हणून भिंगाखालचा स्क्रू दिसतो आणि नवरा दिसत नाही.

गेलेलं बहुधा परत येणार नाही. पण मोठी गोष्ट ती नव्हे. तो पहिला इशारा होता, म्हणाले. रक्तदाब वर आहे, गोळ्या न चुकता घ्यायच्या. दुसरी गुठळी याहून मोठी असू शकते. ती उजवी बाजू नेईल, हात नेईल, बोलणं नेईल. आणखी महिनाभर असंच खेळत राहिल्या असतात, तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

ह्यांनी विचारलं, "ती डोकं वळवून बघू शकते ना?"

"बघू शकतात. पण वळवायची आठवण होत नाही, हाच आजार आहे. जे दिसत नाही, ते नाहीच असं वाटतं. सवय लावावी लागेल."

परत येताना हे माझ्या डाव्या बाजूने चालले, हात धरून. पाय मुद्दाम आपटत.

३ मार्च, सोमवार

मुंगी काल गेली. जाण्याआधी वहीच्या प्रत्येक पानाला डाव्या कडेला लाल रेघ मारून गेली. ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची आणि मग लिहायला लागायचं. हे पहिलं तसं पान. हात अवघडतो, पण ओळ कडेपासून आहे.

दुकान सुरू आहे. गल्ल्याच्या डाव्या टोकाला पितळी घंटी बसवलीय, येणाऱ्याने वाजवायची. रस्ता एकटीने ओलांडायची मात्र बंदी, सवय लागेपर्यंत.

आज जेवताना सूनबाईने ताट ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. मी ताट अर्धं फिरवलं. भाजी समोर आली. खाल्ली. चांगली होती. "इतके दिवस चांगलीच करत होतीस का?" तर म्हणाली, "चांगली करत होते, आई. दोन दिवस मुद्दाम खारट केली होती. तुम्ही चव तरी घेता का, ते कळेना म्हणून." त्यावर दोघी हसलो. स्टूल मी स्वतः उचलून उजवीकडे ठेवलं. तेव्हा कळलं, तिथे ते खरंच कायम असतं. जमिनीवर त्याच्या पायांचे जुने डाग आहेत.

९ मार्च, रविवार

लढाई. डॉक्टर म्हणाले होते, मान वळवायची सवय लागेल असं काहीही करा. मुंगी म्हणाली, "मग हे आहेच की." खेळायला लागण्याआधी आम्ही दोघी त्या रविवारच्या भांडणाबद्दल काहीच बोललो नाही. कुठून काढायचं, तेच समजेना.

नव्या एकडोळ्याला मी नकाशाच्या डाव्या टोकाला उभा केला. पण या वेळी पहाऱ्याला नव्हे. दर मिनिटाला त्याची तब्येत विचारायला मला तिकडे जावं लागावं म्हणून. मिनिटकाट्याकडे बघत होते आणि जात होते. जाऊन पट्टी बघायची, परत यायचं. विसावी फेरी की एकविसावी, कोण जाणे, तेव्हा त्याच्याही पलीकडे धूळ दिसली. लांबवर, बारीक. घोडेस्वार.

"दिसले," मी म्हटलं.

फोनवर मुंगीचा श्वास ऐकू आला. "कुठे?"

"डावीकडे. बारा आहेत. तेरा. मागे तुझा साप."

"खूप लांब आहेत अजून, आजी."

"म्हणून तर सांगतेय."

मग पहिल्यांदाच मी राक्षसाला लढायला पाठवलं. नुसता उभा राहू दिला नाही आणि एकटाही सोडला नाही, तिरंदाज बरोबर दिले. शेवटी हरलेच. पोरीचा हात फार चालतो. पण कुठून आले ते बघून हरले. एकडोळ्याची पट्टी अर्धी लाल होती आणि अर्धी हिरवी. आमचं दोघांचं बरोबर जमेल.

१० मार्च, सोमवार

फोनवर जमलं नाही म्हणून मुंगीला पत्र लिहिलं. साधं, कागदाचं. इथे उतरवून ठेवते, कारण टपालाचा भरवसा नाही आणि माझ्या डोक्याचाही.

"मुंगीबाईस आजीचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? वसतिगृहातली खिडकी आता बंद होते का? तुझ्या सापाची सातही तोंडं ठीक आहेत ना? इकडे आजोबा बरे आहेत, चालताना पाय एवढे आपटतात की खालचे लोक वर येऊन विचारून गेले. तुझ्या आईची पाठ बरी आहे आणि मन माझ्यापेक्षा मोठं आहे. मेंढ्या सात होत्या. तू खरं बोलली होतीस.

मी तुला लबाड म्हटलं. घड्याळ बंद पडलं की आत बघायचं, एवढं मला येतं. या वेळी मी आत न बघता तुझ्यावर ढकललं. ते शब्द परत घेते. आणि पत्त्यांचं म्हणशील, तर तू सहा वर्षांची असताना राणी माझ्या पदराखाली असायची. दर वेळी. आजोबांना ठाऊक होतं, त्यांनाही विचारून घे.

गोळी घेते. रोज सकाळी तुझ्या आजोबांच्या समोर, जीभ दाखवून. मान वळवते. विसरते, पुन्हा वळवते.

लवकर लिही. आणि लिहिताना कागदाच्या अगदी डाव्या कडेपासून सुरू कर. माझ्यासाठी मधून लिहू नकोस. मी शोधून काढीन.

तुझी आजी."